३१ किलो उतरले, पण पोटाची आणि दंडाची कातडी लोंबतेय, काय करता येईल?

सुरंगी (वेंगुर्ला)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज पोरं शाळेत आणि सासूबाई देवळात गेल्यात तर लिहूनच टाकते. वय ३८. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझं वजन ९७ होतं, शुगर बॉर्डरवर आली आणि डॉक्टरनी सरळ सांगितलं की आता काही केलं नाहीत तर गोळी सुरू करावी लागेल. तेव्हापासून १५ महिन्यांत ६६ वर आले. औषध नाही, ऑपरेशन नाही, भात कमी केला, रात्रीचं जेवण लवकर आणि रोज सकाळी बंदरापर्यंत चालत जाऊन परत. शुगर नॉर्मल झाली, गुडघे दुखायचे थांबले, खूप बरं वाटतं.

पण कातडीचं काय करू ते कळत नाही. विळीवर नारळ खवायला बसले की उजव्या दंडाखालची कातडी हाताबरोबर पुढेमागे हलते. परवा मुलगी बाजूला बसून बघत होती, तिने बोटाने हळूच धरून बघितलं आणि विचारलं, आई हे दुखतं का तुला. मी नाही म्हटलं पण नंतर आत जाऊन रडले. पोटाचं त्याहून वाईट आहे, दोन्ही मुलं सिझेरियनची, त्या टाक्यांवर पोटाची घडी येऊन पडते आणि पाऊस लागल्यापासून तिच्याखाली सतत ओलं, लाल, आग होते, वासपण येतो. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसांत थांबलं, लावायचं बंद केलं की परत. असं तीनदा झालंय. गेल्या गणपतीत सगळ्या फुगड्या घालत होत्या आणि मी डोकं दुखतंय सांगून बसून राहिले.

सासूबाई म्हणतात खोबरेल तेलात हळद घालून चोळ, जाऊबाई म्हणते ऑनलाइन एक क्रीम मिळतं ते घे, नवरा म्हणतो आहे तसं राहू दे पण तब्येत सांभाळ. व्यायामाने ही कातडी आत जाते का? ऑपरेशन करून घेतलेलं कोणी आहे का इथे?

आणि दुसरं, माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, ११२ किलो, माझं बघून त्याने पण मनावर घेतलंय पण नुसत्या काकडी आणि ताकावर राहून दीड महिन्यात १४ किलो उतरवलेत. त्याचं असं होऊ नये म्हणून आत्ताच काही करता येईल का?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

ताई, आधी अभिनंदन. चालून आणि जेवण सांभाळून ३१ किलो उतरवायला काय लागतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. मी ४६ चा, पाच वर्षांपूर्वी १२८ होतो, आता ८६ ला आहे, त्यामुळे पोट, छाती, मांड्या सगळीकडचं लोंबणं मी भोगलंय.

तुमचा वेग बघा, १५ महिने म्हणजे साधारण ६५ आठवडे, त्यात ३१ किलो, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. डॉक्टर लोक अर्धा ते एक किलोच सांगतात. तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून कातडी लोंबली असं अजिबात मनात आणू नका. कातडीच्या आत कोलॅजन आणि इलास्टिन असे धागे असतात, कोलॅजन मजबुती देतं आणि इलास्टिन ताणलेलं परत जागेवर आणतं, मॅक्सीच्या बाहीतल्या इलॅस्टिकसारखं. हे इलास्टिन शरीर बहुतेक सगळं लहानपणीच बनवून ठेवतं, मोठेपणी नवीन फार कमी बनतं. ते दहा-पंधरा वर्षं ताणून राहिलं, मध्ये दोन बाळंतपणं झाली, तर सैल पडणारच. किती वर्षं वजन होतं, किती उतरलं, वय किती, आईवडलांची कातडी कशी, ऊन किती खाल्लं, तंबाखू आहे का, यावर सगळं ठरतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात.

हातात काय आहे ते सांगतो. एक म्हणजे वेळ. वजन एका जागी थांबल्यावर सुद्धा वर्ष दीड वर्ष, कधी दोन वर्षं कातडी हळूहळू आवळत राहते. माझी मान आणि गाल पहिल्या वर्षीच बरे झाले, पोट थोडं सुधारलं, छातीचं मात्र राहिलं ते राहिलंच. दुसरं, चिमटीत धरून बघा. तळहाताच्या मागच्या बाजूला जशी पातळ चिमट येते तशी आली तर ती नुसती कातडी, जाड गादीसारखी आली तर खाली अजून चरबी आहे आणि ती अजून कमी होऊ शकते. मला वाटायचं माझं पोट म्हणजे सगळी कातडीच, पण तसं नव्हतं, पुढचे सहा किलो उतरल्यावर त्यातलं बरंच गेलं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्नायू. तुम्ही फक्त चालताय ना? चालणं सोडू नका, पण चालण्याने दंड भरत नाही. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू पण जातो आणि मग आतून आधार उरत नाही. दंडाचा दोन तृतीयांश भाग मागच्या ट्रायसेप्स नावाच्या स्नायूचा असतो, तुमची कातडी लोंबतेय ती नेमकी त्याच्याखाली. तो ढकलण्याने तयार होतो. जिम पाहिजेच असं नाही, आधी भिंतीला हात लावून पुश-अप, मग ओट्याला, मग पायरीला, दहा-दहाचे तीन सेट, एक दिवसाआड. नंतर दोन लिटरची पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून डोक्यामागे खाली-वर. घरी विहीर असेल आणि रहाटाने पाणी काढत असाल तर पाठीचा व्यायाम तिथेच होतो. तीन महिन्यांत फरक कळायला लागतो, कातडी तेवढीच असते पण आतून भरल्यामुळे लोंबणं कमी दिसतं.

आणि त्याला खायला प्रोटीन लागतं. भात कमी केलात पण त्याजागी काय आलं ते बघा. व्यायाम करताना वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम. आपल्याला वाटतं आपण कोकणातले, मासे खाणारे, आपल्याला काय कमी. मी एकदा खरंच मोजून बघितलं. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम, एका अंड्यात ६. कुळथात १०० ग्रॅमला २२ च्या आसपास असतं हे खरं, पण पिठीला आपण पीठ किती घेतो, दोन-तीन चमचे, म्हणजे वाटीभर पिठीतून पाच-सहा ग्रॅमच्या वर काही मिळत नाही. आता जून-जुलै मासेमारी बंद, त्यात श्रावण आला की अंडी पण बंद, मग दोन-तीन महिने आपण नुसतं पिठी-भात आणि लोणच्यावर काढतो. त्या दिवसांत काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी, मूग, दही, पनीर हे ठरवून खावं लागतं. सुकी मासळी चालेल पण मिठाचं प्रमाण बघा, बीपी असेल तर नकोच. शुगर बॉर्डरवर होती म्हणताय तर प्रोटीन वाढवण्याआधी एकदा किडनीची टेस्ट करून घ्या.

भावाला कृपा करून थांबवा. सहा आठवड्यांत १४ किलो म्हणजे आठवड्याला दोन किलोच्या वर, आणि काकडी-ताकात प्रोटीन जवळपास नाहीच. पहिल्या दोन आठवड्यांत थोडं पाणी उतरतं ते सोडा, बाकी चरबीबरोबर त्याचा स्नायू पण जातोय. दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतील, आणि असं झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात, माझ्या मित्राला झाले आणि पिशवी काढावी लागली. त्याचं वय २४, म्हणजे कातडीच्या दृष्टीने तो नशीबवान आहे, त्याने नीट जेवून, वजनं उचलून, आठवड्याला पाऊण एक किलोने उतरवलं तर त्याची कातडी तुमच्यामाझ्यापेक्षा खूप चांगली सावरेल.

परिचारिका_चिपळूण

मी १९ वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली सात त्वचेच्या ओपीडीत काढली. सुरंगीताई, दंडाचं नंतर बघू, आधी त्या घडीखालच्या लालीचं बघा, कारण तुम्ही लिहिलेलं वाचूनच मला काळजी वाटली.

कातडीवर कातडी घासते, मध्ये घाम अडकतो, हवा लागत नाही, मग तिथे बुरशी वाढते. आपल्याकडची दमट हवा, त्यात पावसाळा, कपडे तीन-तीन दिवस सुकत नाहीत, ओलसर परकर तसाच नेसायचा, सगळं तिला पोषकच. दोन दिवसांत थांबवणारी आणि बंद केली की परत आणणारी ट्यूब म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर एकच प्रकार येतो. ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असा शब्द असेल तर ते स्टिरॉइड आहे. ते लाली आणि खाज लगेच दाबतं, बुरशी मात्र आत वाढतच राहते, आणि घडीतल्या नाजूक कातडीवर आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी आणखी पातळ होते आणि ताणल्यासारखे पट्टे उमटतात, ते नंतर कधीच जात नाहीत. म्हणजे कातडी सैल म्हणून आपण रडतोय आणि वर तिलाच कमजोर करणारं औषध चोळतोय. सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या मांड्यांवर मी असे पट्टे बघितलेत, सगळ्यांनी ट्यूब मेडिकलमधून विचारून आणलेली. मला याचा फार राग येतो.

रोजचं काय करायचं तर अंघोळीनंतर घडी उचलून मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. मग पंख्याखाली आडवं पडून घडी हाताने वर धरून पाच मिनिटं हवा लागू द्या. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर. नेसायचे कपडे पावसात इस्त्री करून पूर्ण कोरडे करूनच नेसा. पावडर भरपूर टाकू नका, घामात तिचा लगदा होतो आणि तोच घासतो. खोबरेल तेल हातापायांना खुशाल लावा, कातडी मऊ राहते, पण त्याने ती आवळत नाही, आणि घडीत तर तेल नकोच, ओल तिथेच कोंडून राहते. हळद-तेल पण नको. बुरशी असेल तर साधं क्लोट्रिमाझोलसारखं औषध, दिवसातून दोनदा, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, आणि बरं दिसायला लागलं की लगेच सोडायचं नाही. सारखं सारखं होतंय तर शुगर परत तपासा. पू आला, ताप आला, लाली पसरत चालली आणि हात लावला की दुखतंय असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

महागडी क्रीमं घेऊ नका. लोंबणारी कातडी आवळणारं क्रीम नसतं, फार तर वरची कातडी जरा तुकतुकीत दिसते. कोलॅजनच्या पावडरीचं विचाराल म्हणून सांगते, पोटात गेल्यावर तिचं इतर प्रोटीनसारखंच पचन होतं, ती थेट तुमच्या दंडात जाऊन बसत नाही. कोलॅजन बनवायला शरीराला व्हिटॅमिन सी लागतं, ते आवळा आणि पेरूत भरपूर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मशीनने शेक देऊन आवळतात ते थोड्या सैल कातडीला थोडंफार उपयोगी पडतं, पोटाची घडी खाली पडत असेल तर नाही.

अजून एक. दोन सिझेरियन झालीत म्हणून विचारते, पोटाचे उभे दोन स्नायू मधून फाकलेत का ते कोणी बघितलंय का? उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं आडवी ठेवून बघा. दोनपेक्षा जास्त बोटं आत बसत असतील तर पोट पुढे येतं ते काही अंशी त्यामुळे, आणि त्याचा व्यायाम वेगळा असतो.

आबोली (मालवण)

गे बाय, लाज कसली त्येची? माझा वय ६१, तीन बाळंतपणा झाली, पोट माझा पण लोंबता. मी जुन्या धोतराचे फडके करून ठेवलंय, धुवून धुवून मऊ झालेले, घडीत एक घालूचा, ओला झाला की काढून दुसरा. दिवसाक चार लागतत. आणि औंदा फुगडी घाल गे, थंय कोण कोणाच्या पोटाकडे बघता?

देवगड_माहेर (सध्या ठाणे)

ऑपरेशन केलेलं कोणी आहे का विचारलंत म्हणून लिहितेय. मी केलंय, पोटाचं, तीन वर्षांपूर्वी, मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या प्लास्टिक सर्जरी विभागात. माझे ४४ किलो उतरले होते आणि घडी मांडीपर्यंत यायची, उन्हाळ्यात जखमा व्हायच्या.

पहिल्याच भेटीत सर्जननी विचारलं वजन किती दिवस एका जागी आहे. निदान सहा महिने तरी स्थिर पाहिजे. अजून उतरवायचं असेल तर आधी उतरवा, नाहीतर कापून नीट केलेलं परत सैल होतं. पुढे मूल हवं असेल तरी थांबायला सांगतात. नंतर विचारलं तंबाखू. मी नाही म्हटलं, तर आईने बाजूने सांगितलं की मिशरी लावते. मला खरंच वाटायचं मिशरी म्हणजे काही तंबाखू खाणं नव्हे, पण ती भाजलेली तंबाखूच, निकोटिन तेच, रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात आणि टाके भरत नाहीत, कडा काळ्या पडतात. ती पूर्ण सोडून महिना झाल्याशिवाय तारीख मिळाली नाही. हिमोग्लोबिन कमी होतं, ते वाढवायला आणखी वेळ गेला.

व्रण या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत आहे, चड्डीच्या रेषेत लपतो पण आहे. ऑपरेशननंतर दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, त्यातून लालसर पाणी यायचं, ते रोज मोजून वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशीच उठवून चालवलं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, आणि पहिले काही दिवस वाकूनच चालावं लागलं कारण सरळ उभं राहिलं की टाके ताणायचे. पट्टा सहा आठवडे रात्रंदिवस. नळी काढल्यावर एका बाजूला परत पाणी साठलं, ते सुईने दोनदा काढलं. बेंबीखाली अजून बधिर आहे. एवढं सगळं होऊन सुद्धा मी परत करेन, कारण त्यानंतर एक उन्हाळा माझा जखमेशिवाय गेलाय. पण निम्म्या गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या म्हणून इतकं लिहिलं.

दंडाचं पण ऑपरेशन असतं, पण तो व्रण काखेपासून कोपरापर्यंत येतो आणि बाहीखाली लपत नाही, मी म्हणून नाही केलं. आणि कोणी नुसतं लायपोसक्शन करा म्हणालं तर ऐकू नका, त्यात चरबी काढतात, कातडी तशीच राहते, उलट जास्त लोंबते.

विमा कंपन्या प्लास्टिक सर्जरी म्हटलं की नाकारतात. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा तब्येतीला थेट धोका असेल तरच पॉलिसीत बसतं, म्हणून आत्तापासून घडीतल्या संसर्गाचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तारखा सगळं फाइलला लावून ठेवा. आणि गावी परतायची घाई करू नका. मी तीन आठवड्यांनी मांडवी एक्सप्रेसने गेले, कणकवलीला उतरताना बॅग भावाने घेतली म्हणून निभावलं, घरी मात्र सवयीने कळशी उचलायला गेले आणि टाक्यात कळ आली.

सुरंगी (वेंगुर्ला)

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, वाचताना डोळे भरून आले. ट्यूब आणून वाचली, क्लोबेटासॉल आहे. बोटांचं पण करून बघितलं, बेंबीच्या वर तीन बोटं आरामात जातात. दंडाची चिमट पातळ येते, पोटाची जाड. आबोलीकाकी, नवऱ्याच्या जुन्या धोतराचे आठ फडके फाडले.

भावाला फोन केला, आधी चिडला, मग केस गळण्याचं सांगितल्यावर गप्प झाला. उद्या येतोय, मिऱ्याबंदर दादांनी लिहिलंय ते त्यालाच वाचायला देते.

एक विचारायचंय, तीन बोटं म्हणजे वाईट का? आणि ट्यूब आजपासून एकदम बंद करू?

परिचारिका_चिपळूण

तीन बोटं बऱ्याच जणींना असतात, घाबरू नका, पण फिजिओथेरपिस्टला दाखवेपर्यंत उताणं झोपून पूर्ण उठून बसायचे सिट-अप आणि डोकं-खांदे उचलायचे क्रंचेस करू नका, त्याने फट आणखी ताणू शकते. सध्या उताणं झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडताना बेंबी आत ओढायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, असं दिवसातून दोन वेळा करा. त्यांना एकदा दाखवा, ते पुढचं शिकवतील. खोकताना किंवा जड उचलताना तिथे गोळा फुगून वर येत असेल तर हर्नियासाठी सर्जनला पण दाखवून घ्या.

ट्यूबचं म्हणाल तर किती दिवस, किती वेळा लावलीत ते लिहून त्वचेच्या डॉक्टरकडे या आठवड्यातच जा, ट्यूब बरोबर न्या. बंद केल्यावर पहिले काही दिवस लाली आणि आग आधीपेक्षा वाढल्यासारखी वाटेल, तेव्हा घाबरून परत तीच लावायचा मोह होतो, तिथेच सगळ्या जणी फसतात. डॉक्टर बुरशीचं औषध देतील ते चालू ठेवा, फडके रोज उकळत्या पाण्यातून काढून इस्त्री करा, आणि घरातल्या कोणाला खाज असेल तर त्यालाही त्याच दिवशी दाखवा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.